राजमुकुट आणि मतपेटी

इंग्लंडच्या राज्यघटनेचा इतिहास शिकवितांना वर्गांत एक प्रश्न हटकून निघतो : जेथें सारी सत्ता लोकांनीं निवडलेल्या पार्लमेंटच्या हातीं आहे, तेथें राजा हवा कशाला? ह्या प्रश्नाचें उत्तरही ठरलेलें आहे. मीं तें विद्यार्थिदशेंत पाठ केलें, आणि पुढें वीसपंचवीस वर्षें फारसा विचार न करितां दुसऱ्यांकडून पाठ करून घेतलें. गेल्या वर्षीं एका विद्यार्थिनीनें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण सर, हें तेथल्या लोकांना कोणीं कधीं विचारलें आहे काय?" तेवढ्यांत तास संपल्याची घंटा झाली, म्हणून मी सुटलों, प्रश्न मात्र सुटला नाहीं.

तें ठरलेलें उत्तर मूळचें वॉल्टर बॅजट ह्या ग्रंथकाराचें. १८६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लिश राज्यघटनेवरील आपल्या ग्रंथांत त्यानें राज्ययंत्राचे दोन भाग कल्पिले : एक लोकांच्या मनांत आदर उत्पन्न करणारा, व दुसरा प्रत्यक्ष कारभार हांकणारा. राजा हा पहिल्या भागाचा मुकुटमणि. मंत्र्यांनीं त्याचा सल्ला घ्यावा, त्यानें मंत्र्यांस उत्तेजन द्यावें, आणि ते चुकत असतील तर इशारा द्यावा. ह्यापलीकडे त्याचा अधिकार नाहीं. पुढच्या पंडितांनीं ह्याला आणखी एक पुस्ती जोडली. राजा कोणत्याच पक्षाचा नसतो, त्याला निवडणूक जिंकावयाची नसते; म्हणून राष्ट्रावर घोर प्रसंग आला आणि पक्ष एकमेकांच्या उरावर बसले, तर तोच निःपक्षपाती राखणदार ठरतो.

हा युक्तिवाद उपहासानें उडवून देण्यासारखा नाहीं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, नेदर्लंड्स हीं राष्ट्रें आजही राजघराणीं बाळगून आहेत, आणि स्वातंत्र्य व सुव्यवस्था ह्या बाबतींत तीं कोणत्याही प्रजासत्ताकाच्या मागें नाहींत. परंतु राखणदाराची पारख दिवसाढवळ्या होत नसते. ती चोर आल्यावर होते. तसे दोन प्रसंग आपण पाहूं.

पहिला प्रसंग इटलीचा, २८ ऑक्टोबर १९२२ चा. मुसोलिनीचे काळ्या सदऱ्यांचे अनुयायी रोमच्या रोखानें निघाले होते. पंतप्रधान फाक्टा ह्यानें लष्करी कायद्याचा हुकूम तयार करून राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल ह्याच्यापुढें सहीसाठीं ठेविला. राजानें सही नाकारली, आणि दुसऱ्याच दिवशीं मंत्रिमंडळ बनविण्याचें निमंत्रण मुसोलिनीला गेलें. यादवीचें भय, सैन्याविषयीं शंका, स्वतःच्या सिंहासनाची काळजी, ह्यांपैकीं कोणतें कारण प्रबळ, ह्याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. परिणामाबद्दल वाद नाहीं. राखणदारानेंच दार उघडून दिलें. पुढें १९३८ सालीं यहुद्यांचे नागरिक हक्क हिरावून घेणारे कायदे आले, तेव्हां मात्र ह्याच राजाची सही झाली. १९४३ च्या जुलैंत त्यानें मुसोलिनीस दूर केलें खरें, पण तोंवर देश युद्धाच्या खाईंत पुरता लोटला गेला होता. आणि त्याच वर्षीं ९ सप्टेंबर रोजीं जर्मन सैन्य चाल करून येतांच राजा राजधानी सोडून दक्षिणेस निघून गेला.

अखेर २ जून १९४६ रोजीं राजा असावा कीं नसावा, हें इटालियन जनतेला विचारण्यांत आलें. राष्ट्रव्यापी मतदानाचा हक्क तेथील स्त्रियांनीं त्या दिवशीं प्रथमच बजाविला. प्रजासत्ताकाच्या बाजूनें सुमारें १ कोटि २७ लाख मतें पडलीं, राजाच्या बाजूनें १ कोटि ७ लाख. महिन्यापूर्वींच गादीवर आलेला राजपुत्र उंबेर्तो देश सोडून गेला, आणि साव्हॉय घराण्याचें राज्य संपलें.

दुसरा प्रसंग नॉर्वेचा; पण त्याचा आरंभ संकटाच्या पस्तीस वर्षें आधींच झालेला आहे. १९०५ सालीं नॉर्वेनें स्वीडनशीं असलेला संयोग मोडला, आणि डेन्मार्कच्या राजपुत्र कार्ल ह्याला आपलें सिंहासन देऊं केलें. नॉर्वेंत प्रजासत्ताकाचा पुरस्कार करणारे लोक पुष्कळ आहेत, हें कार्लच्या कानीं होतें. त्यानें अट घातली कीं, आधीं लोकांचा कौल घ्या. नोव्हेंबरांत मतदान झालें : २,५९,५६३ मतें अनुकूल, ६९,२६४ प्रतिकूल. त्या काळीं नॉर्वेंतल्या स्त्रियांना हा मताधिकार नव्हता, ही उणीव नमूद केली पाहिजे. तरीही एका राजपुत्रानें मुकुट मस्तकीं घेण्यापूर्वीं मतपेटीकडे बोट दाखविलें, ही गोष्ट राजघराण्यांच्या इतिहासांत विरळाच. कार्ल हा सातवा हाकोन ह्या नांवानें राजा झाला.

९ एप्रिल १९४० रोजीं हिटलरचें सैन्य नॉर्वेंत उतरलें. दुसऱ्या दिवशीं जर्मन वकिलानें वृद्ध राजाची गांठ घेऊन मागणी केली कीं, क्विस्लिंगला पंतप्रधान नेमा. हाकोन आपल्या मंत्रिमंडळाकडे आला. त्याचें म्हणणें असें कीं, क्विस्लिंगवर ना जनतेचा विश्वास आहे, ना तिच्या प्रतिनिधींचा. तेव्हां अशा माणसास मला नेमतां येणार नाहीं. मात्र मंत्रिमंडळास निराळें वाटत असेल, तर मी सिंहासन सोडीन. मंत्रिमंडळ राजाच्या पाठीशीं उभें राहिलें. दुसऱ्याच दिवशीं ते जेथें उतरले होते त्या गांवावर जर्मन विमानांनीं बाँब टाकले. जूनमध्यें राजा इंग्लंडला गेला, आणि बरोबर पांच वर्षांनीं स्वतंत्र नॉर्वेंत परतला.

येथें त्यानें निर्णय कसा घेतला तें बारकाईनें पाहावें. त्यानें मंत्र्यांवर हुकूम बजाविला नाहीं. निर्णय त्यांच्या हातीं ठेविला, आणि पणाला लावलें तें केवळ स्वतःचें सिंहासन. नकाराचें कारण सांगतांना घराण्याचा मान किंवा ईश्वरी अधिकार ह्यांचा आधार न घेतां त्यानें लोकांच्या विश्वासाचा आधार घेतला. ज्याला लोकांनीं गादीवर बसविलें, त्याला हा आधार सहज सुचला असेल, असें मला वाटतें.

ह्यावरून राजेपण वाईट व लोकनियुक्त अध्यक्ष चांगला, असें अनुमान कोणी काढील, तर तेंही घाईचें होईल. ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलरला चॅन्सेलर नेमणारा हिंडेनबुर्ग हा लोकांनीं दोनदां निवडलेलाच अध्यक्ष होता. निवडणुकीनें शहाणपण येतें असें नाहीं, आणि जन्मानें तें हटकून नाहींसें होतें असेंही नाहीं. भेद आहे तो दुसराच. अध्यक्षाची मुदत संपते, आणि चुकलेल्या माणसाला बदलण्याचा हक्क लोकांच्या हातांत राहतो. राजाच्या बाबतींत एक तर त्याच्या मृत्यूची वाट पाहावी लागते, नाहीं तर इटलीसारखी राष्ट्राची होळी व्हावी लागते. राजा हाकोन निघेल कीं व्हिक्टर इमॅन्युएल, हें पाळण्यांत ठरतें. आणि अशा दैवाधीन गोष्टीवर घटनेची भिंत उभारणें शहाणपणाचें नव्हे.

आतां इंग्लंडकडे वळूं. तेथील राजपद अशा संकटसमयीं उपयोगी पडेल, ह्या समजुतीला अलीकडेच एक धक्का बसला. १९३६ सालीं आठव्या एडवर्डानें राज्यत्याग केला, तेव्हां राजाहून मंत्रिमंडळ श्रेष्ठ हें सिद्ध झालें होतेंच. २०१९ च्या ऑगस्टमध्यें पंतप्रधान जॉन्सन ह्यांच्या सल्ल्यावरून एलिझाबेथ राणीनें पार्लमेंट पांच आठवडे तहकूब केलें. २४ सप्टेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनीं एकमतानें ती तहकुबी बेकायदा ठरविली. राणीचें काय चुकलें? कांहींच नाहीं, सल्ला मानणें हाच तिचा धर्म. ती तो न मानती, तर लोकनियुक्त मंत्र्यांवर राजसत्ता चालविल्याचा दोष तिच्या माथीं येता. म्हणजे राखणदारानें हात उचलावा तर लोकशाहीचा भंग, आणि न उचलावा तर राखण कसली? त्या दिवशीं राखण केली ती न्यायालयानें.

मग इंग्लंडनें राजपद मोडावें काय? हा निर्णय सांगणारा मी कोण? इटलींतही एक कोटीहून अधिक माणसांनीं राजासाठीं मत दिलें, आणि त्यांच्या भावना खोट्या नव्हत्या. परंपरा, सोहळे, एका घराण्यांत राष्ट्राचा इतिहास पाहण्याची संवय, ह्यांचें मोल परक्यानें ठरवूं नये. परंतु मोल ज्यांनीं ठरवावयाचें, त्यांना विचारलें तर पाहिजे. ब्रिटिश राष्ट्रानें सर्व जनतेचा कौल तीनदां घेतला : युरोपच्या बाजारपेठेंत राहावें काय, ह्यासाठीं १९७५ सालीं, मतें कोणत्या पद्धतीनें मोजावीं, ह्यासाठीं २०११ सालीं, आणि युरोपीय संघ सोडावा काय, ह्यासाठीं २०१६ सालीं. राज्याच्या शिरोभागीं कोण असावें, हा प्रश्न मात्र कधींच विचारला गेला नाहीं. ८ सप्टेंबर २०२२ रोजीं राणी निवर्तली आणि त्याच क्षणीं तिचा पुत्र तिसरा चार्ल्स राजा झाला; मध्यें विचारण्यास उसंतच नव्हती.

कौल घेतला, तर इंग्लिश लोक कदाचित् राजालाच मत देतील. देवोत, तसें झालें तर तो मुकुट आजच्यापेक्षां अधिक दृढ होईल, हाकोनचा झाला तसा. आणि नॉर्वेच्या पार्लमेंटांत प्रजासत्ताकाचा ठराव अजूनही वेळोवेळीं येतो व मोठ्या बहुमतानें फेटाळला जातो, त्यांत राजाचा अपमान झाला असें तेथें कोणी मानीत नाहीं.

त्या विद्यार्थिनीला मीं पुढच्या तासाला उत्तर दिलें. बॅजटचें मत सांगितलें, हाकोनची हकीकत सांगितली, आणि तिच्या मूळ प्रश्नाला जें एका शब्दाचें उत्तर आहे तेंही सांगितलें : नाहीं. तें मीं वर्गांत इतकीं वर्षें आधींच सांगावयास हवें होतें.