सप्तपर्णी गुहेच्या दारात

बिहारमधील राजगीर, म्हणजेच प्राचीन राजगृह, पाहण्यास जाणारे बहुतेक उपासक गृध्रकूट आणि विश्वशांती स्तूप पाहून परततात. वैभार टेकडीच्या उत्तर अंगावरील सप्तपर्णी गुहेकडे थोड्यांचीच पावले वळतात. आम्ही उष्ण पाण्याच्या कुंडांपासून चढण सुरू केली. वाटेत ‘जरासंध की बैठक’ म्हणून ओळखला जाणारा प्रचंड दगडी चौथरा लागला. माथ्यावरील जैन मंदिरे मागे टाकून आम्ही पलीकडे उतरलो.

महाराष्ट्रातील लेण्यांना सरावलेल्या डोळ्यांना येथे प्रथम निराशा वाटते. येथे ना स्तंभ, ना चैत्यगवाक्ष. कार्ले-कान्हेरीचा कातळ माणसाने छिन्नीने कोरला. येथील कठीण गारगोटी खडकातील कपारी निसर्गाने घडविल्या. काही काळोखी तोंडे आणि त्यांसमोर एक लांबट सपाटी, एवढेच दिसते.

परंतु आपल्या लेण्यांचे मूळ अशाच कपारींत आहे. ‘लेणे’ या शब्दाचे नाते पाली ‘लेण’ शब्दाशी आहे. लेण म्हणजे आश्रयस्थान. चुल्लवग्गानुसार आरंभी भिक्खू वृक्षातळी, डोंगरात व गुहांत राहत. राजगृहाच्याच एका श्रेष्ठीने विहार बांधून देण्याची इच्छा प्रकट केली, तेव्हा भगवंतांनी पाच प्रकारच्या लेणांस अनुमती दिली. त्यांत विहार आहे, तशी गुहाही आहे.

प्रथम संगीती याच गुहेपाशी झाली काय? महापरिनिब्बानसुत्तात या गुहेचे नाव रमणीय स्थळांत येते. मात्र संगीतीचा वृत्तान्त देणारा चुल्लवग्ग केवळ राजगृहाचा निर्देश करतो. अजातशत्रूने गुहेच्या दाराशी मंडप उभारल्याचे वर्णन समंतपासादिका या पाचव्या शतकातील अट्ठकथेत आहे. त्याच शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियाननेही संगीतीचे स्थान टेकडीच्या उत्तर बाजूसच सांगितले. कनिंगहॅम यांनी सोनभांडार लेण्यास सप्तपर्णी मानले होते. ते मत पुढे टिकले नाही. पाचशे अर्हत या कपारींत मावणार नाहीत. समोरच्या सपाटीवर मंडप असणे संभवते. परंपरा प्राचीन आहे, पुरावा निर्णायक नाही, एवढेच आम्ही म्हणू. परीक्षेवाचून काहीही स्वीकारू नये ही भगवंतांचीच शिकवण असल्याने असे म्हणण्यात श्रद्धेची हानी नाही.

स्थळाविषयी संशय राहिला तरी घटनेचा अर्थ अबाधित राहतो. महाकाश्यपांनी संगीतीत विनयाविषयी प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे दिली उपालींनी. उपाली पूर्वाश्रमीचे शाक्यांचे नापित. आपला कुलाभिमान गळावा म्हणून शाक्यकुमारांनी त्यांना आपल्या आधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली होती. ज्ञानाचे द्वार ज्यांना समाजाने बंद केले, त्यांच्यातील एकाच्या मुखातून संघाचे संविधान निश्चित झाले! बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात उपालींच्या धम्मदीक्षेची कथा आवर्जून सांगितली, ती उगाच नव्हे.

म्हणून राजगृहास जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी एक सकाळ वैभारासाठी राखून ठेवावी. तेथे पाहण्यासारखे थोडे आहे. स्मरण करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे.