माशाचा कान आणि टीबीचं इंजेक्शन

१९५२ साली एका अमेरिकन डॉक्टरने स्वतःच्याच आजारपणावर लेख लिहिला. टीबीसाठी घेतलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने त्याच्या दोन्ही कानांतला, तोल सांभाळणारा भाग निकामी केला होता. वाचताना डोकं पलंगाच्या दोन दांड्यांमध्ये टेकवून धरावं लागायचं, नाहीतर नाडीच्या ठोक्यागणिक अक्षरं हलायची! डोकं हललं तरी नजर स्थिर ठेवायचं काम आतला कानच करतो.

माशावर याचे प्रयोग खूप झाले. जर्मनीचे एरिख फॉन होल्स्ट त्यातले मोठे नाव. एका बाजूचा आतला कान काढला की मासा कलंडतो, गिरक्या घेतो. पुढे मेंदू उरलेला कान आणि डोळ्यांवर निभावून नेतो. इतपत माणूसही सावरतो. पण कानातल्या मेलेल्या संवेदी पेशी माशात पुन्हा उगवतात. १९८८ मध्ये पक्ष्यांतही तेच दिसलं. आपल्यात जवळपास नाहीच. दोन्ही कान गेले की आधार डोळ्यांचा नि पायांचा. अंधारात तर निम्माच.

आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने हे औषध बनवलं, त्याचा मला अभिमानच आहे. त्याने माणसं जगली. पण कोर्स संपल्यावर रात्री भिंत धरून चालणाऱ्यांना कोणत्या रकान्यात धरलं? 'बरे झाले' मध्येच ना? घरात असं कुणी असेल तर अशक्तपणा म्हणून सोडू नका. कानाच्या डॉक्टरला दाखवा, तोलाचे व्यायाम असतात.