हापुसाखालचा रायवळ

मालवण-देवगडकडे हापूसच्या झाडाला कलम म्हणतात. घरात कुणी 'बाबा कलमांत गेले' म्हणालं, की बाबा बागेत आहेत एवढं समजायचं. रायवळ मात्र झाडच. बिटक्यांचं, साटांचं, वाटसरूने दगड मारून पाडायच्या आंब्यांचं. प्रत्यक्षात कातळावरच्या या हापूस कलमांची मुळं रायवळाचीच असतात. पेटीवर नाव छापतात ते वरच्या काडीचं. कातळाच्या फटीतून ओल शोधणारा, दर्यावरचा वारा झेलत झाडाला धरून ठेवणारा खुंट निनावी राहतो. हापूसची कुळकथा बहुतेकदा काडीकडून सांगितली जाते. इथे ती खुंटाकडून सांगतो.

कलम करावंच का लागतं? हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही. तिच्यात एकच अंकुर असतो आणि तो परागीभवनातून आलेला, म्हणजे दोन झाडांच्या मिश्रणाचा. परसातल्या कागदी लिंबाचं याच्या उलट. त्याच्या बीत एकाहून जास्त अंकुर असतात, त्यांतले बहुतेक आईच्याच पेशींपासून बनलेले. म्हणून बी टाकून वाढवलेलं लिंबूही आईसारखं फळतं. विदर्भात संत्र्याचा डोळा जंबेरीच्या रोपावर भरतात, तेही जंबेरीची रोपं अशीच एकसारखी निघतात म्हणून. आंब्यातही केरळ-तमिळनाडूकडच्या ओलूर, वेलाईकुलंबन अशा बहुअंकुरी जाती आहेत. आपल्या रायवळात मात्र जवळपास प्रत्येक कोय निराळी. एकाच बागेत एकाच मातृवृक्षाच्या काड्या बांधूनही एक कलम ताडमाड जातं, दुसरं बसकं राहतं, यात जमिनीइतकाच या खुंटांचाही हात असतो. याकडे आपण फार कमी लक्ष दिलं, असं माझं मत आहे.

आंब्यावर कलम करण्याची रीत आपल्या किनाऱ्यावर रुजली ती गोव्यातून. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. फळझाडांवर कलमं बांधणं युरोपात जुनंच होतं. ते पाद्र्यांनी इथल्या आंब्यावर लावलं. हापूसचं नाव पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द अल्बुकर्कशी जोडायची प्रथा आहे. पण सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या मनुची या इटालियन प्रवाशाने गोव्याच्या उत्तम आंब्यांची नावं दिली आहेत, त्यांत 'निकुलाव अफोन्सो' असं पूर्ण नाव आहे. सेनापतीपेक्षा हा कुणी बागवाला असणं मला जास्त पटतं. तेरेखोलची खाडी ओलांडली की वेंगुर्ला, पुढे मालवण, देवगड. कलमांना वाट लांबची नव्हती.

तेव्हाचं कलम म्हणजे भेट कलम. रायवळाचं रोप कुंडीत वाढवायचं, मातृवृक्षापाशी न्यायचं, फांद्यांच्या उंचीवर माच बांधून त्यावर कुंडी ठेवायची. रोप आणि फांदी, दोन्हींची साल तासून जखमा एकमेकींना भिडवायच्या आणि बांधायच्या. दोन-तीन महिने माचावर चढून पाणी घालत राहायचं. सांधा जुळला की त्याच्या खालून काडी आईपासून तोडायची आणि वरून खुंटाचा शेंडा. मातृवृक्षाच्या हाताशी येतील तेवढ्याच फांद्या, तेवढीच कलमं.

ही अडचण सुटली ती कोय कलमाने. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र 1957 चं, दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 चं. तिथल्या शास्त्रज्ञांनी कोय कलम कोकणच्या पावसाळी दमट हवेला नीट बसवलं. पुढे 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवड योजना आली आणि लाखांनी कलमं लागली. भेट कलमाच्या माचांवरून एवढी रोपं कधीच उतरली नसती.

घरच्या घरी करायला हीच पद्धत सोपी. रायवळाचे बाठे ताजे हवेत, चार-पाच आठवड्यांत त्यांची उगवणशक्ती जाते. पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाकावेत, बुडालेले मिरगाच्या सुमारास गादीवाफ्यात पेरावेत. कोंब येऊन पानं अजून तांबूस, लुसलुशीत असतानाच, म्हणजे रोप दहा-पंधरा दिवसांचं असतानाच, ते कोयीसकट उचलायचं. वितीच्या निम्म्या उंचीवर शेंडा छाटून मधोमध दोन बोटं खोल काप घ्यायचा. काडी तीन-चार महिन्यांची, खुंटाच्याच जाडीची, टोकाचा डोळा फुगलेला. तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापलेली. पाचर तासून कापात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. धारदार चाकू हवा, हात स्वच्छ हवा. काडीला नवी पानं फुटेपर्यंत खुंट जगतो तो कोयीतल्या साठ्यावर, म्हणून उचलताना कोय सुटू देऊ नये.

पुढची निगा मुख्यतः खुंटाची. सांध्याखाली फुटवा दिसला की कोवळा असतानाच बोटाने खुडावा. तो राहिला तर काडीचं अन्न खातो, आणि काही वर्षांनी हापूस समजून वाढवलेल्या झाडाला बिटक्या लागतात. बांधलेली पट्टी सांधा जुळल्यावर सोडलीच पाहिजे, नाहीतर ती खोडात रुतते. लावताना सांधा मातीच्या वर राहावा. पिशवीत फार काळ राहिलेलं कलम घेऊ नये. सोटमूळ तळाशी गुंडाळलेलं असतं आणि जमिनीत गेल्यावरही ते नीट सरळ होत नाही. जागा ठरलेली असेल तर खड्ड्यातच कोय पेरून तिथेच कलम बांधावं, सोटमूळ हवं तिथवर जातं. पहिली तीन-चार वर्षं आलेला मोहर काढून टाकावा, मन घट्ट करून.

हे सगळं ज्यांच्यावर उभं आहे ती रायवळाची झाडं आज लाकडासाठी, रस्त्यासाठी, बंगल्याच्या अंगणासाठी कापली जात आहेत. प्रत्येक झाड वेगळं असल्यामुळे एक गेलं की तो आंबा गेला. त्यांतलं कुठलं खारा वारा सोसतं, कुठलं बुटकं राहतं, हे जाणणारी माणसंही म्हातारी झाली आहेत. आपल्या वाडीत असं जुनं, दरवर्षी फळणारं रायवळ असेल तर ते तोडू देऊ नका. तोडणं टळतच नसेल, तर आधी त्याच्या काड्या घेऊन दुसऱ्या रायवळाच्या खुंटावर बांधा. कलम करण्याचा मान एकट्या हापूसचा नाही.