बुटाचं कर्ज आणि माणदेशची ललिता



आज एका कर्जाच्या अर्जापासून सुरुवात करते. हळद शिजवायची घाई चालली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात गटाची मासिक बैठक होती. दिवसभर हळदीत राबून आलेल्या बाया, हातांचा पिवळा रंग अजून गेलेला नव्हता. बचत जमा झाली, हप्ते झाले. मग एका ताईनं हळूच सांगितलं, मला ३,००० रुपये पाहिजेत. मी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, कारण काय लिहू? ती म्हणाली, "लेकीला पळायचे बूट. अन् मैदानावर जायायचं गाडीभाडं."

लेक बारावी झालेली. पोलीस भरतीची तयारी करायची म्हणते.

बैठकीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "शेळीला कर्ज दिलं तर शेळी विते. बुटाला काय वितंय?" सगळ्या हसल्या. ती ताई मात्र हसली नाही. दुसरी म्हणाली, "पहाटं अंधारात पोरगी रस्त्यानं पळणार. उद्या सोयरीक कोण करील?" तिसरी म्हणाली, "पोरीच्या जातीला झेपतं का पळणं? पुढं लेकराबाळाला त्रास व्हायचा."

मी कारणाचा रकाना मोकळा ठेवला आणि म्हणाले, पुढच्या बैठकीत ठरवू. बी. ए.ला माझा विषय इतिहास होता. महिनाभर मी जमेल तसं वाचलं आणि पुढच्या बैठकीत जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते.

पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. शिवाय १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. मैदानी परीक्षेचे एकूण ५० गुण, त्यातले सगळ्यात जास्त म्हणजे २० गुण एकट्या ८०० मीटरचे. आता हे ८०० मीटर ध्यानात ठेवा, कारण "बाईला झेपत नाही" म्हणून जगानं नेमकं हेच अंतर बायकांसाठी बंद केलं होतं.

ते असं झालं. १९२८ साली हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात ऑलिम्पिक भरलं. ऑलिम्पिकमध्ये बायकांना पळायची परवानगी मिळायची ती पहिलीच वेळ. त्यात ८०० मीटरची शर्यत होती. जर्मनीच्या लिना राडके हिनं ती २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली. तो जागतिक विक्रम होता. अंतिम शर्यतीत नऊ जणी पळाल्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. जोरात पळून आल्यावर एखादी दमून गवतावर बसली असेल. पुरुषही बसतात. पण वर्तमानपत्रांनी काय छापलं? बाया कोसळल्या, अर्ध्यातच पडल्या, बघवत नव्हतं. झालं. ऑलिम्पिकमधून बायकांची ही शर्यत काढून टाकली. ती परत आली थेट १९६० मध्ये, रोमला. म्हणजे एका खोट्या बातमीपायी ३२ वर्षं गेली. किती जणींची पळायची वयं त्यात निघून गेली असतील!

त्याहून लांबचं अंतर तर बायकांना कुणी देतच नव्हतं. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, साधारण हिंगोलीहून कळमनुरीला जाऊन परत येण्याइतकं. १९६७ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर नावाची मुलगी पळत होती. ही बाई आहे हे कळल्यावर शर्यतीचा एक अधिकारी तिच्या मागं धावला आणि अंगावरचा नंबर ओढायला लागला. तरी तिनं शर्यत पूर्ण केली. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडलं.

हे वाचताना मला आपल्या बाया दिसत होत्या. डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन पाणी आणणारी बाई. दिवसभर वाकून खुरपणारी बाई. ऊसतोडीला गेल्यावर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढणारी बाई, कधी कधी पोटात लेकरू असताना. त्या वेळी कुणीही म्हणत नाही, बाईला झेपणार नाही. बाई स्वतःसाठी पळायला निघाली, की मात्र सगळ्यांना तिच्या तब्येतीची काळजी वाटायला लागते.

आता आपल्या देशाकडं येऊ. १९५२ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीला ऑलिम्पिक झालं. स्वतंत्र भारतातून पहिल्यांदाच बायका गेल्या. धावण्यात दोघी होत्या, बंगालची नीलिमा घोष आणि मुंबईत वांद्र्याची मेरी डिसूझा. मेरी आदल्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पदक मिळवून बसलेली. पण हेलसिंकीला जायला पैसे कुठून आणायचे? तिच्या ओळखीच्या मंडळींनी कार्यक्रम करून पैसे गोळा केले. म्हणजे बघा, त्या दोघींतली एक तर चार जणांच्या वर्गणीवरच परदेशी गेली. आपण गटात दुसरं काय करतो?

मग १९८४. केरळची पी. टी. उषा लॉस एंजलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत पळाली आणि सेकंदाच्या शंभराव्या भागानं तिचं पदक हुकलं. त्यानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर एकट्यानं पळायच्या अंतिम शर्यतीत भारताची मुलगी कधी दिसली? परत ३२ वर्षांनी, २०१६ साली. ती मुलगी आपल्या महाराष्ट्रातली. सातारा जिल्हा, माण तालुका, मोही गाव. नाव ललिता बाबर.

माण तालुका म्हणजे माणदेश. पाऊस तिथं कमीच. टँकर, चारा छावणी, मेंढरं घेऊन नाहीतर ऊसतोडीला गाव सोडून जाणारी माणसं. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. ललिता १९८९ साली शेतकऱ्याच्या घरात जन्मली. घर, शेत आणि शाळा यांतच ती मोठी झाली. शाळेत खो-खो खेळायची. नंतर पळण्याकडं वळली आणि २००५ मध्ये पुण्याला २० वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिनं सोनं मिळवलं. तेव्हा ती जेमतेम १६ वर्षांची होती. आपल्याकडं त्या वयाच्या पोरीसाठी स्थळं बघायला सुरुवात होते.

पळण्याच्या जोरावर तिला रेल्वेत नोकरी लागली. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. पदक कपाटात राहतं, पगार घरात येतो. ज्या घरात पोरीच्या पळण्यावर कुरकुर असते, तिथं पहिला पगार आला की सूर बदलतो.

मग ती मॅरेथॉन पळायला लागली. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं भारतीय महिलांत ती पहिली आली. कुणालाही वाटलं असतं की आता बस्तान बसलं, हेच करत राहावं. पण तिनं शर्यतच बदलली. ३,००० मीटर स्टीपलचेस घेतली.

स्टीपलचेस म्हणजे काय? मैदानाला साडेसात फेऱ्या मारायच्या. वाटेत अडीच फूट उंचीचे लाकडी अडथळे २८ वेळा ओलांडायचे. शिवाय सात वेळा असा अडथळा येतो, की त्याच्या पलीकडं १२ फूट लांब पाण्याचा खड्डा असतो. ओले बूट घेऊन पुढं पळायचं. पुरुष ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये कितीतरी वर्षं पळत होते. बायकांना ती मिळाली २००८ साली. म्हणजे ललितानं जो दरवाजा गाठला, तो उघडून फार दिवस झाले नव्हते.

सराव घरापासून लांब होता. बेलारूस देशाचे निकोलाय स्नेसारेव प्रशिक्षक होते. शिस्त कडक. महिनोन्‌महिने शिबिरात राहायचं, सणवार तिकडंच. मोहीची ही मुलगी त्या तीन वर्षांत कुठं कुठं गेली ते ऐका. २०१४ मध्ये दक्षिण कोरियात इंचॉनला आशियाई खेळांत कांस्यपदक, वेळ ९ मिनिटं ३५.३७ सेकंद. २०१५ च्या जूनमध्ये चीनमध्ये वुहानला आशियाई अजिंक्यपद, सुवर्णपदक. त्याच ऑगस्टमध्ये बीजिंगला जागतिक स्पर्धा, अंतिम शर्यतीत आठवी. पुढच्या वर्षीचा, २०१६ चा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. आणि २०१६ मध्ये ब्राझील देशात रिओ ऑलिम्पिक.

रिओला १३ ऑगस्टच्या प्राथमिक शर्यतीत ती ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत पळाली. नवा राष्ट्रीय विक्रम. इंचॉनपासून रिओपर्यंत, दोन वर्षांत, साडेपंधरा सेकंद कमी. ऐकायला थोडे वाटतात. पण आपण महिन्याला शंभर-दोनशे टाकून वर्षाला रक्कम उभी करतो ना, तसे ते एकेक सेकंद जमवलेले आहेत. अंतिम शर्यत १५ ऑगस्टला झाली. आपल्याकडं संध्याकाळ होती, सकाळी झेंडावंदन झालेलं. जगातल्या सगळ्यात वेगवान पळणाऱ्या बायकांमध्ये माणदेशची पोरगी दहावी आली.

पदक नाही आलं. काही जण लगेच म्हणाले असतील, दहावी आली त्यात काय. पण उषानंतर ३२ वर्षं त्या ओळीत आपलं कुणी उभंच राहिलं नव्हतं, हे त्यांनी बघितलं नसेल. आणि तिच्यामागं वाट तयार झाली. तिचा विक्रम पुढं २०२३ मध्ये मोडला, तो उत्तर प्रदेशातल्या मेरठकडच्या शेतकऱ्याच्या लेकीनं, पारुल चौधरीनं.

ललिताताईंचं पुढं काय झालं, हेही बैठकीत विचारलं गेलं. "लग्न झालं का तिचं?" हाच पहिला प्रश्न. झालं, २०१७ मध्ये. आणि राज्य सरकारनं खेळाडू म्हणून त्यांना उपजिल्हाधिकारी पदावर नेमलं. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांनी तहसीलदार म्हणून काम पाहिलं. जिच्या गावात पाण्याचा टँकर यायचा, ती मुलगी तहसीलच्या खुर्चीत बसली. हे सांगितलं तेव्हा सोयरिकीची काळजी करणारी बाई गप्प झाली.

अशी ललिता एकटी नाही. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरकडं सावरपाडा म्हणून आदिवासी पाडा आहे. तिथली कविता राऊत लहानपणी डोंगरातून पाणी आणायची, अनवाणी पळायची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी चीनमधल्या आशियाई खेळांत रौप्य. लोक तिला सावरपाडा एक्सप्रेस म्हणतात.

आता खरं बोलू. सगळ्या पोरी ललिता होत नाहीत. भरतीला जागा थोड्या, पळणाऱ्या पोरी भरपूर. त्यामुळं बूट घेतले म्हणजे नोकरी लागली, असं मी कुणाला सांगणार नाही. मी एवढंच सांगितलं की "झेपत नाही" हे कारण रजिस्टरमध्ये लिहिता येणार नाही. ते एकदा जगानं लिहिलं होतं आणि ते खोटं निघालं. बाकीच्या अडचणी खऱ्या आहेत, त्यांच्यावर बोलू. पहाटेचा अंधार खरा आहे. रस्त्यावरच्या गाड्या खऱ्या आहेत. पोरीच्या ताटात काय पडतं, हेही खरं आहे.

मग बोलणं सरळ झालं. पोरीनं एकटीनं जायचं नाही, गावातल्या आणखी दोघींना सोबत घ्यायचं. डांबरी रस्त्यावर नाही, शाळेच्या मैदानावर पळायचं. सुरुवातीला आयांनी आळीपाळीनं सोबत जायचं. पळून आल्यावर रिकाम्या पोटी कामाला लावायचं नाही, मूठभर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ काहीतरी द्यायचं. हे सगळं बायांनीच ठरवलं, मी फक्त लिहून घेतलं.

शेळीवाल्या आजी शेवटी म्हणाल्या, "बुटाला वितंय का ते बघू." कर्ज मंजूर झालं. शेकडा २ रुपये व्याज, दहा हप्ते.

त्या मुलीची पहिली भरती हुकली, थोड्या गुणांनी. गावात बोलणारे बोललेच. ती परत पळते आहे, आता चौघी आहेत. हप्ते एकही चुकले नाहीत. दोन हप्ते तर तिनं स्वतः हळद वेचणीची मजुरी आणून भरले.

परवा गेले तेव्हा शाळेच्या मैदानावर कडेला दोन आया बसलेल्या होत्या. एकीच्या हातात मोबाइल, वेळ मोजायला. मला बघून म्हणाली, "ताई, आज चार सेकंद कमी आले."

मैत्रिणींनो, तुमच्या गटात असा अर्ज आला, तर कारणाच्या रकान्यात सरळ लिहा, लेकीचे बूट. त्या बैठकीनंतर मीही तेच लिहिलं.