गव्हर्नरची नसलेली लेक

मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावात बरियल हिल नावाची टेकडी आहे, गावाचं जुनं दफनस्थान. तिथे जॉन हाउलंडच्या नावाची शिळा उभी आहे. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून 1620 साली आलेल्या 102 प्रवाशांपैकी हा एक. आज दिसते ती शिळा दुसरी. पहिली त्याच्या वंशजांनीच 19व्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली होती आणि तिच्यावर कोरलं होतं की हाउलंडची बायको म्हणजे वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याची मुलगी. पिढ्यान् पिढ्या हेच सांगितलं गेलं, छापलं गेलं आणि शेवटी दगडावर गेलं.

ते खोटं होतं.

खोटं होतं हे आता कुणी नाकारत नाही. त्यामुळे या लेखात मला खोडून काढायचं आहे ते त्या विधानाच्या मागे उभं असलेलं मत, आणि ते अजून धडधाकट आहे. घराण्याच्या इतिहासात रमणाऱ्या कुणालाही विचारा, अमेरिकेत विचारा नाहीतर आपल्याकडे एखाद्या कुळाच्या संमेलनात, उत्तर एकच येतं: ‘इतकी वर्षं घरात सांगत आलेत, त्यात काहीतरी तथ्य असणारच. आगीशिवाय धूर निघतो का?’

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्याच्या खंडनाला अर्थ राहत नाही. म्हणून तो पुऱ्या ताकदीनिशी मांडतो. हाउलंडची बायको एलिझाबेथ 1687 पर्यंत जगली. दहा मुलं, आणि नातवंडांची तर रांगच. स्वतःचा बाप कोण होता हे तिला ठाऊक असणार, तिने ते मुलांना सांगितलं असणार, मुलांनी नातवंडांना. पुस्तकं जळतात, हरवतात. आजीचं बोलणं हरवत नाही. शिवाय वसाहत इतकी चिमुकली की गव्हर्नरची मुलगी कोण हे अख्ख्या गावाला माहीत. अशा गावात खोटी गोष्ट उगवेल कशी आणि टिकेल कशी? युक्तिवाद चांगला आहे. मीही कधीकाळी तो मनोमन मान्य केला असता.

त्याला पहिला तडा लंडनमध्ये गेला. कार्व्हरनंतर गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डने प्लिमथ वसाहतीची हकीगत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. हे हस्तलिखित बॉस्टनच्या ओल्ड साउथ चर्चमध्ये असे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ते नाहीसं झालं आणि 1855 मध्ये सापडलं ते लंडनच्या बिशपच्या फुलम पॅलेसमधल्या ग्रंथसंग्रहात. पुढच्याच वर्षी ते छापून निघालं. (मूळ प्रत मॅसॅच्युसेट्सला परत मिळायला 1897 उजाडलं. त्यानंतर वर्षभरात इकडे इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि बखरींना अस्सल पत्रांपुढे जबानी द्यायला उभं केलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण सांगीव कथेला कागदासमोर उभं करायचं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही, एवढंच.)

हस्तलिखिताच्या शेवटी ब्रॅडफर्डने एक यादी जोडली आहे. जहाजातून कोण कुणाच्या कुटुंबात आलं आणि 1650 च्या सुमारास त्यांचं काय झालं, कोण मेलं, कुणाची मुलंबाळं किती, याचा तो हिशेब आहे. त्यात हाउलंड सापडतो तो कार्व्हरच्या कुटुंबाखाली, नोकर म्हणून. त्याने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केलं, असं ब्रॅडफर्ड सांगतो. पुढे टिली कुटुंबाच्या नोंदीत तो तेच उलट बाजूने सांगतो: टिली आणि त्याची बायको किनाऱ्यावर उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांची मुलगी हाउलंडला दिली गेली. एकाच माणसाने, एकाच कागदात, दोन निरनिराळ्या ठिकाणी लिहिलेलं एकमेकांशी तंतोतंत जुळतं. लिहिणारा दोघांचा तीस वर्षांचा शेजारी. आपल्या आधीच्या गव्हर्नरची मुलगी गावात नांदत असताना तिला दुसऱ्याची मुलगी म्हणण्यात त्याचा काय लाभ? कार्व्हर नवराबायको तर 1621 मध्येच काही आठवड्यांच्या अंतराने गेले. अमेरिकेला येण्याआधी ते हॉलंडमधल्या लायडेनला राहत; तिथे या दांपत्याच्या मुलांची 1609 आणि 1617 ची दफनं नोंदलेली आहेत. मागे उरलेल्या मुलाचा पत्ता कुठेच नाही.

मग आजीच्या बोलण्याचं काय झालं? आजी बरोबरच बोलली असेल. पण पहिली शिळा कोरवणाऱ्यांनी आजीला पाहिलं नव्हतं. तिच्या मृत्यूला तोवर सव्वाशेहून अधिक वर्षं लोटली होती. पूर्वपक्षाची खरी फसगत इथे आहे. ‘सगळे असंच सांगतात’ म्हटलं की आपल्याला वाटतं साक्षीदार शंभर. प्रत्यक्षात एकाने सांगितलेलं नव्वदांनी ऐकलं आणि नऊजणांनी छापलं. साक्षीदार एकच, आणि तोही ऐकीव. गुणाकार होतो तो आवाजाचा. पुराव्याचा होत नाही.

तरीही धुराची उपमा मी सरसकट फेकून देणार नाही. आग होतीच, मात्र वेगळ्या चुलीत. हाउलंड खरोखर कार्व्हरच्या घरचा होता. ऐन समुद्रात वादळात हा धट्टाकट्टा गडी जहाजावरून पाण्यात फेकला गेला, बाहेर लोंबणारा शिडाचा दोर त्याच्या हाती लागला, खोल पाण्यात गेला तरी त्याने तो सोडला नाही आणि शेवटी त्याला आकड्याने वर ओढून घेतलं, ही हकीगत ब्रॅडफर्डचीच. एलिझाबेथ अनाथ झाल्यावर तीही काही दिवस कार्व्हरच्याच आश्रयाला गेली असावी, असं अभ्यासकांचं अनुमान आहे. नोंद मात्र नाही. म्हणजे वंशजांच्या स्मरणात कार्व्हरचं घर राहिलं ते बरोबरच राहिलं. बदललं ते त्या घरातलं स्थान. घरगड्याचा घरजावई झाला. परंपरा जवळीक विसरत नाही, पायरी तेवढी विसरते. आणि विसरते ती नेहमी वरच्या बाजूला. गव्हर्नरचा नातू म्हणवणारं एखादं घराणं कागदपत्रांत नोकराचं निघालं, असं अनेकदा झालं आहे. नोकराचं म्हणवणारं घराणं गव्हर्नरचं निघाल्याचं उदाहरण मला आठवत नाही.

ब्रॅडफर्ड छापून निघाला तरी मोह सुटला नाही. मुलगी नाही तर नात तरी, म्हणून एलिझाबेथची आई कार्व्हरची लेक होती, असं सांगणं सुरू झालं. दुसऱ्या बाजूने लायडेनच्या दप्तरात 1615 मध्ये एका डच स्त्रीशी लग्न केलेला एक टिली सापडला आणि लोकांनी त्याला उचलून एलिझाबेथचा बाप करून टाकलं. नाव जुळलं की माणूस जुळला, हा वंशशोधातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महागात पडणारा व्यवहार. खरा टिली इंग्लंडमध्ये होता, बेडफर्डशरमधल्या हेनलो गावात. तिथल्या चर्चच्या नोंदवहीत 1596 मध्ये जॉन टिलीचं जोन नावाच्या विधवेशी लग्न लागलेलं आहे. माहेरची ती हर्स्ट; पहिल्या नवऱ्याकडून रॉजर्स. 30 ऑगस्ट 1607 ला त्याच वहीत त्यांची मुलगी एलिझाबेथ हिचा बाप्तिस्मा. जोनचा स्वतःचा बाप्तिस्माही त्याच गावचा, बापाचं नाव विल्यम हर्स्ट. अभ्यासकांनी ही साखळी जोडून दाखवली तेव्हा 1976 साल चाललं होतं. नातीची गोष्टही तिथे संपली.

नात्यांच्या शब्दांतही असेच सापळे असतात. आपण मराठी माणसं यात जरा श्रीमंत. पुतण्या, भाचा, चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, प्रत्येकाला वेगळं नाव. 17व्या शतकातल्या इंग्रजीत ‘कझिन’ या एका शब्दात पुतणे-भाचेही मावत. जॉन टिलीचा भाऊ एडवर्ड यानेही बरोबर दोन मुलं आणली होती, हेन्री सॅम्सन आणि ह्युमिलिटी कूपर. ब्रॅडफर्ड त्यांना ‘कझिन’ म्हणतो. वाचणारे चुलतभावंडांच्या शोधात हिंडले. मुलं निघाली एडवर्डच्या बायकोकडची भाचरं. त्या काळी ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असंही नव्हे. एका गावात एकाच नावाचे दोघे असले तर धाकट्याला ज्युनियर म्हणत, मग त्यांचं एकमेकांशी नातं असो वा नसो. तारखेचा घोळ निराळाच. वर्ष 25 मार्चला बदलत असे, म्हणून हाउलंडचा मृत्यू 23 फेब्रुवारी 1672/3 असा जोडवर्षात लिहावा लागतो. शक, फसली आणि शुहूर सनांची वजाबाकी करून बोटं झिजवलेल्या आपल्या संशोधकांना यात नवल वाटणार नाही.

आता प्रतिपक्ष माझ्यावरच कागद उलटवेल. ‘तुमचे कागदही चुकतात!’ चुकतात. हाउलंड मेला तेव्हा वय ऐंशीच्या वर होतं, असं वसाहतीच्या दप्तरातच आहे. ते खरं मानलं तर जन्म 1592 च्या सुमाराचा ठरतो आणि 1620 मध्ये तो अठ्ठावीस वर्षांचा होतो. त्या काळचे नोकर सहसा पंचविशीच्या आतले असत. दुसऱ्या टोकाला, जहाजावर केलेल्या करारनाम्यावर त्याची सही आहे, म्हणजे तो एकवीसच्या खाली नव्हता. दोन्ही धरून अभ्यासक जन्म 1599 च्या आसपास मानतात. 17व्या शतकात म्हाताऱ्यांची वयं गोल आकड्यांत फुगत, तसं इथे झालं. पण हे कसं कळलं ते पाहा. कागदाची चूक दुसऱ्या कागदाने पकडली. दंतकथेची चूक दुसऱ्या दंतकथेने पकडल्याचं मी ऐकलेलं नाही. नात्याबद्दल दोन दंतकथा भांडत असतील तर त्यांतली वजनदार घराण्याकडे बोट दाखवणारी जिंकते.

डीएनएचाही आधार हल्ली दिला जातो. त्याबद्दल थोडक्यात: 12 पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाच्या पूर्वजांच्या 4096 जागा होतात. त्यांतल्या एकाचं नाव रक्त सांगत नाही, ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं.

हे सगळं घराण्यांचा मान कमी करायला म्हटलं जातं, असा एक समज आहे. मला तो मुळीच पटत नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश हे राष्ट्राध्यक्ष हाउलंडचे वंशज. कार्व्हरची मुलगी गळाली म्हणून त्यांच्यापैकी कुणाचंच काही बिघडलं नाही. उलट जे हाती आलं ते जास्त भरीव आहे. पहिल्या हिवाळ्यात निम्मी माणसं गेली. त्यांत तेरा वर्षांच्या एका मुलीचे आईबाप गेले, काका गेला, काकू गेली. तिने एका नोकराशी संसार मांडला आणि 1650 मध्ये ब्रॅडफर्ड हिशेबाला बसला तेव्हा तिची दहाच्या दहा मुलं जिवंत होती. त्या शतकात ही गोष्ट गव्हर्नरकीपेक्षा दुर्मिळ. खोट्या शिळेने ही मुलगीच पुसून टाकली होती. हेनलोच्या वहीतली जोन हर्स्ट तर साफ अदृश्य झाली होती, आणि रूझवेल्टची पूर्वज म्हणून तिचा हक्क कार्व्हरच्या बायकोपेक्षा कितीतरी मोठा.

19व्या शतकाच्या अखेरीस टेकडीवर नवी शिळा बसली. तिच्यावर एलिझाबेथ जॉन टिलीची मुलगी आहे. हाउलंडचं वय मात्र अजून ऐंशीच्या वर आहे.