किल्ला उरतो, पेठ उरत नाही

आज आपण एका अवघड प्रश्नाला हात घालणार आहोत. सत्तेनं माणसं मारली, घरं पाडली, आणि त्याबद्दलचे कागद एक तर तिच्याच माणसांनी लिहिले किंवा कपाटात बंद करून ठेवले. मग झालं काय, हे आपण विचारायचं कुणाला? गेल्या काही वर्षांत याला एक उत्तर मिळालं आहे: इमारतीला विचारा. लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये एयाल वाइझमन या वास्तुतज्ज्ञानं २०१० मध्ये ‘फॉरेन्सिक आर्किटेक्चर’ हा गट उभा केला. सीरियातल्या सैदनाया तुरुंगात कैद्यांचे डोळे बांधलेले असायचे. त्यांनी ऐकलेले दारांचे, पावलांचे, मारहाणीचे आवाज जुळवून या गटानं २०१६ मध्ये त्या तुरुंगाचा आराखडाच तयार केला.

हीच नजर घेऊन आपण धारूरला जाऊ. बालाघाटाच्या कड्यावर, दऱ्यांच्या कुशीत बसलेला हा किल्ला. सपाटीनं यायची वाट गावाकडची, म्हणून खंदक आणि भक्कम बांधणी त्या अंगाला. भिंत कुठं जाड आहे ते बघितलं की बांधणाऱ्याला भीती कुठून होती ते कळतं.

आदिलशाही सरदार किश्वरखान यानं १५६७ मध्ये हा किल्ला निजामशाहीच्या अंगावर धाक म्हणून उभारला. थोड्याच काळात मूर्तजा निजामशाह चालून आला. फरिश्ता सांगतो की लढाईत किश्वरखानाला बाण लागला, तो पडला, आणि आतल्या फौजेनं धीर सोडून पळ काढला. जिंकणाऱ्यानं नाव ठेवलं फतेहाबाद. आता फरिश्ता स्वतः तिथं नव्हता, त्यानं हे नंतर लिहिलं. म्हणून दरवाज्यासमोर उभं राहून बघायचं: खालून कोणता बुरूज, कोणती जंगी बाणाच्या टप्प्यात येते? वरचा माणूस खालच्याला दिसतो का? बखरीतलं वाक्य असं जमिनीवर उतरवून तपासता येतं. आणि ही गोष्ट खरी असेल तर भिंत न फुटताच किल्ला पडला. म्हणजे अखंड भिंत दिसली म्हणून तिथं काही घडलंच नाही, असं म्हणता येत नाही.

उलटंही असतं. पडलेली भिंत दिसली की आपले लोक लगेच म्हणतात, तोफेनं पाडली. जरा थांबा. बाहेरचे घडीव दगड गायब आणि आतला भराव जागेवर, असं असेल तर बहुतेक वेळा दगड गावातल्या घरांना गेलेले असतात. भिंतीच्या पोटात पिंपळ शिरला असेल, पाणी मुरलं असेल. त्यात नंतरच्या डागडुजीनं जुनं-नवं एक होऊन जातं. तोफ मात्र खूण ठेवते: एका जागी खोल मार, भोवती तडे.

आता १६३१. शहाजहानचा सेनापती आझमखान निजामशाहीच्या मुलखात शिरलेला, किल्ल्यावर सिद्दी सालीम. बादशहाच्या पदरी असलेला अब्दुल हमीद लाहोरी बादशाहनाम्यात किल्ल्याची मजबुती कौतुकानं सांगतो, आणि जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो: किल्ल्याजवळच्या कसब्यात आठवड्याचा बाजार भरायचा, आसपासची माणसं तिथं खरेदी-विक्रीला यायची. आझमखानानं आधी तो बाजार लुटवला. किल्ला त्यानंतर हल्ला करून घेतला.

हे साल लक्षात घ्या. १६३० ते ३२ चा तो भयंकर दुष्काळ दख्खनवर पसरलेला होता. अशा वर्षी आठवडी बाजारात उरलंसुरलं धान्य येणार. ते लुटलं म्हणजे काय केलं, हे लाहोरी लिहीत नाही. धारूरनंतर आझमखान परांड्याला गेला आणि तिथून वेढा उठवून त्याला परतावं लागलं, कारण जनावरांना चारा नव्हता. फौजेच्या चाऱ्याची नोंद मिळते. बाजारकरी बायकांच्या टोपलीची मिळत नाही.

इथं आपली पद्धतही अडते. वाइझमन यांच्या गटाकडे सैदनायातून जिवंत सुटलेली माणसं होती. धारूरच्या बाजारातलं कुणी बोलायला उरलेलं नाही, आणि वास्तूही गरिबाच्या बाजूनं फार बोलत नाही. किल्ला दगडाचा, तो उरला. पेठ मातीच्या भिंतींची, माळवदाची. असं घर पडलं की दोन-चार पावसाळ्यांत त्याची माती होते. आपल्याकडे गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात, ती पडलेल्या घरांचीच पिढ्यान् पिढ्या साचलेली माती. घर जळलं असेल तर ती माती भाजून लालसर, टणक होते, कोळशाचा थर सापडतो. नुसतं ओस पडून ढासळलं तर तसं नसतं. म्हणजे पुरावा आहे, पण तो पांढरीत आहे. आणि ती माती आपण बैलगाड्यांनी, आता ट्रॅक्टरनी, उपसून नेतो. किल्ल्यांवर पुस्तकं निघतात. पांढरीचा साधा नकाशाही कुणी काढत नाही, हे आम्हाला खटकतं.

हे सगळं चारशे वर्षांपूर्वीचं, असं म्हणून सुटका नाही. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात. रझाकारांनी खंडणी, लूट, खून यांनी गावं हैराण केलेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या, पाच दिवसांत संस्थान शरण आलं. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे सूड उगवले गेले ते पाहायला सरकारनंच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती धाडली. संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसं गेली, असा तिचा अंदाज. बीड, औरंगाबाद, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान ५ हजार. अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आला नाही. त्यात लिहिलंय की समितीला प्रेतांनी भरलेल्या विहिरी दाखवल्या गेल्या. एकीत अकरा प्रेतं मोजली, त्यात एक बाई आणि तिच्या छातीशी चिकटलेलं मूल.

विहीर ही वास्तूच आहे. तिला व्यास आहे, खोली आहे, कठडा आहे, तिच्याकडे जाणारी गल्ली आहे. समितीनं प्रेतं मोजली, पण विहिरींची मापं आणि नकाशे घेतले गेले असते, तर आज वाद कमी आणि पुरावा जास्त असता. अजूनही काही करता येईल. मराठवाड्यात १९५४-५५ ची खासरा पाहणी आहे. तिच्यात आणि जुन्या गाव-नकाशात असलेली विहीर आज जागेवर आहे का, बुजवली असेल तर केव्हा, हे गावोगाव जुळवता येतं. प्रत्येक बुजलेल्या आडामागं काहीतरी घडलंच असेल, असं नाही. बोअर आली, नळ आला, रस्ता रुंद झाला, तसेही आड बुजले. म्हणून आधी कागद, मग म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, तेही दोन्ही मोहल्ल्यांतलं, आणि शेवटी जागा. कुदळ मात्र कुणी हातात घेऊ नका. ते काम पंचनाम्यासकट, माहीतगारांनीच करायचं असतं.