सरळ रस्त्यांच्या मुलखात वळणाचा अभ्यास

पूर्णेच्या खोऱ्यात रस्त्याला वळण घ्यायला फारसे कारण नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे काळ्या मातीचा सपाट पट्टा. कपाशी, तूर, सोयाबीनच्या वावरांमधून रस्ते नजर पोचेल तिथवर सरळ जातात. अमरावती–अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा टप्पा जून २०२२ मध्ये जगभर गाजला. लोणी ते माना या भागात एका मार्गिकेच्या हिशेबाने ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. अशा रस्त्यावर रोज तालुक्याला ये-जा करणारा माणूस वर्षाकाठी हजारो किलोमीटर गाडी चालवतो, पण वेगात असताना गाडी कलवून वळवण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो. चौकातले वळण म्हणजे ब्रेक मारून वेग संपवणे आणि हँडल फिरवणे. मग श्रावणात एक दिवस तो डबल सीट परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघतो. रस्ता ओला, धुके उतरलेले, सुमारे सातशे मीटरची चढण आणि एकामागून एक वळणे. आयुष्यातला पहिला धडा तो तिथे, सगळ्यांत अवघड परीक्षेच्या जागी, घेत असतो.

वळण घेणे ही स्वतंत्र विद्या आहे. ती घाटात न शिकता सपाट मैदानावर, मोजूनमापून शिकावी, आणि त्यासाठी घरात असलेली जुनी शंभर सीसीची गाडी हे फार चांगले साधन आहे, असे माझे ठाम मत आहे. हौसेचा विषय म्हणून याकडे पाहणे योग्य नाही. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. दुसऱ्या वाहनाचा संबंध नसलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांत चूक चालकाची होती. नेहमीची चूक दोन प्रकारची : जास्त ब्रेक दाबल्याने घसरणे, नाहीतर जास्त वेगामुळे किंवा गाडी पुरेशी न वळवल्यामुळे वळणाच्या बाहेर जाणे. देश वेगळा, गाड्या वेगळ्या, काळही जुना. पण चूक तीच आहे, कारण तिच्यामागचे भौतिकशास्त्र तेच आहे.

जुनी गाडी कशासाठी? १९८५ ची सीडी १०० आणि १९९४ ची स्प्लेंडर यांच्या वंशातल्या गाड्या वऱ्हाडातल्या जवळजवळ प्रत्येक गावात आहेत. वजन शंभर-एकशेदहा किलोच्या आसपास, टायर पावणेतीन इंची, ब्रेक ड्रमचे, ताकद बेताची. यातली प्रत्येक उणीव शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडते. वजन कमी असल्याने हँडलवर दिलेला थोडासा दाबही लगेच कळतो. ताकद कमी असल्याने वळणात मूठ जरा जास्त पिळली गेली तरी मागचे चाक सहसा सुटत नाही. अरुंद टायरचा एक फायदा तर अनेकांच्या ध्यानातच येत नाही : गाडी कलली की रुंद टायरचा रस्त्याशी संपर्क आतल्या बाजूला बराच सरकतो आणि त्याच वळणाला गाडी अधिक कलवावी लागते; पातळ टायरला हा भुर्दंड कमी पडतो. शिवाय सुटे भाग अकोल्यात, अमरावतीत, अंजनगावात कुठेही मिळतात. पडझड झालीच तर फूटरेस्ट आणि लिव्हर यांवर निभावते.

मात्र गाडी आधी नीट करून घ्यावी लागते, आणि इथे सपाट मुलखाचा एक छुपा परिणाम पुढे येतो. सरळ रस्त्यावर चाललेला मागचा टायर मधोमध झिजतो. गोल असलेला त्याचा माथा चपटा होतो आणि दोन्ही बाजूंना कड तयार होते. गाडी सरळ असेपर्यंत काहीच जाणवत नाही. कलवू लागले की ती त्या कडेपर्यंत अडते आणि कड ओलांडताच एकदम आत पडते. चालक घाबरून हँडल आवळतो आणि दोष स्वतःच्या हाताला देतो. खरा दोष टायरचा असतो. तळहात टायरवर आडवा फिरवला तर कड बोटांना स्पष्ट लागते. टायरच्या कुशीवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या अकोल्यात उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर लवकर कडक होते. म्हणून नक्षी शिल्लक दिसली तरी वय पाहावे. सरावासाठी दोन टायर नवे घेणे हा सगळ्यांत सार्थकी लागणारा खर्च आहे.

दुसरी गोष्ट कोनसेटची, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगची. हँडल वर्षानुवर्षे एकाच सरळ स्थितीत राहते आणि खड्ड्यांचे सगळे धक्के बॉल रेसरच्या त्याच जागी बसतात. तिथे खाचा पडतात. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, मागे कुणाला तरी दाबून धरायला सांगावे म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहील, आणि एका बोटाने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. बरोबर मध्यावर ते किंचित अडकले, टक् करून बसले, तर कोनसेट गेला. अशी गाडी वळणात सलग शिरत नाही, गचक्याने शिरते. मागचे चाक हातात धरून आडवे हलवल्यावर खेळ लागला तर चिमट्याचे बुश बदलावेत. चेन सैल असेल तर मूठ सोडताना आणि पुन्हा देताना गाडी झटका खाते. सरळ रस्त्यावर तो त्रास असतो, कललेल्या गाडीत धोका. साइड स्टँडची स्प्रिंग मात्र आजच पाहावी. सैल स्टँड डाव्या वळणात खाली लोंबला आणि जमिनीला टेकला तर पुढचे काहीच चालकाच्या हातात राहत नाही.

आता गणित. कललेल्या गाडीचा कोन वेगाच्या वर्गावर आणि वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. गाडीची किंमत, कंपनी, चालकाची हिंमत यांना त्यात स्थान नाही. जुन्या गाडीचा स्पीडोमीटर बहुधा बंद असतो, पण त्यावाचून अडत नाही. १५ मीटर दोरी घ्यावी, मधे खुंटी ठोकावी आणि फक्कीने वर्तुळ आखावे. त्याचा परीघ सुमारे ९४ मीटर भरतो. एका फेरीला लागणारे सेकंद कुणीतरी मोबाइलवर मोजावेत, म्हणजे वेग आणि कोन दोन्ही हाती येतात. फेरी १६ सेकंदांत झाली तर वेग ताशी २१ किलोमीटर आणि कल साधारण १३ अंश. १४ सेकंदांत झाली तर १७ अंश, १२ सेकंदांत २३, आणि १० सेकंदांत ३१. पहिले दोन सेकंद वाचवायला चार अंश लागले, शेवटचे दोन वाचवायला आठ. हा वाढत जाणारा फरक कागदावर वाचणे निराळे आणि मांड्यांना जाणवणे निराळे. ‘थोडा वेग वाढवला’ म्हणजे प्रत्यक्षात किती मागितले, हे या वर्तुळात अंगात भिनते. कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावर नव्या टायरना २३ अंश सहज पेलतात. सरावाला तेवढे भरपूर झाले. १० सेकंदांच्या मागे लागू नये.

जागा मुरमाची नको. मुरमावर टायरची पकड एकसारखी राहत नाही आणि शिकणाऱ्याला चूक कोणाची तेच उमगत नाही. डांबरी किंवा काँक्रीटचे मोकळे आवार हवे. बाजार समितीचे आवार बंदच्या दिवशी परवानगीने मिळाले तर उत्तम, पण आधी झाडून घ्यावे. धान्याचे दाणे आणि चुरी दोन्ही घसरवतात. हेल्मेट, बूट, जाड पँट, हातमोजे हे गृहीत धरले आहे. आरंभी नजर वर्तुळाच्या पुढच्या पाव भागावर ठेवायची, चाकापुढे नाही. कोपर सैल, मूठ स्थिर. बहुतेकांना एक बाजू सोपी जाते. उजवीकडे वळताना मूठ धरलेले मनगट पोटाकडे येते आणि रेस नकळत कमीजास्त होते, हे त्याचे एक कारण. अवघड बाजूला दुप्पट वेळ द्यावा. अमरावतीत हे पटवून द्यायला कष्ट पडू नयेत. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. अवघड हालचाल सुटी करून, एकेक अंग वेगळे घोटून मग जोडायची, ही व्यायामशाळेची रीत या शहराला नवी नाही.

वर्तुळ जमले की हँडलचा प्रश्न घ्यावा, कारण सगळ्यांत मोठा गैरसमज तिथे आहे. परवान्याच्या चाचणीला आपल्याकडे आठचा आकडा काढायला लावतात. तो अगदी कमी वेगात निघतो. तिथे डावीकडे जायला हँडल डावीकडेच फिरवावे लागते आणि तोल क्लचवर सांभाळला जातो. अमरावतीचे एमएच २७ असो की अकोल्याचे एमएच ३०, परवाना मिळतो तो या कौशल्यावर. ताशी तीस-चाळीसच्या वेगात मात्र नियम उलटतो. डावीकडे वळायचे तर डावी मूठ पुढे ढकलायची. पुढचे चाक क्षणभर उजवीकडे जाते, खालून आधार सरकतो, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. स्कॉटिश अभियंता रँकिन यांनी दोनचाकीचे हे वर्तन १८६९ मध्येच लिहून ठेवले. सगळेजण नकळत हेच करतात, म्हणून तर गाडी वळते. पण नकळत येणारी गोष्ट भीतीच्या क्षणी हातातून जाते : वळण आवळत चालले, समोरून ट्रक आला, की माणूस आठच्या आकड्याकडे परततो, हँडल आतल्या बाजूला ओढतो आणि गाडी सरळ उभी राहून बाहेर निघते. हर्ट यांच्या अहवालात ‘पुरेशी न वळवणे’ म्हणून जी चूक आली, तिचा उगम मला बऱ्याच अंशी इथे दिसतो. उपाय साधा आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगात, हाताची पकड सैल ठेवून, तळव्याने एकेका मुठीला हलकासा दाब द्यावा आणि गाडी कुठे जाते ते पाहावे. दाब कळला की तो मुद्दाम देता येतो. वऱ्हाडातले सरळ रस्ते या एका सरावाला उत्तम.

ब्रेकचे थोडक्यात. गाडी कलण्यापूर्वी वेग उतरलेला हवा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडलेले किंवा एबीएस असणे सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीत ही मदत नाही. पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटतो या धास्तीने गावोगाव लोक फक्त पायाचा ब्रेक वापरतात, मागचे चाक अडकते आणि गाडी आडवी होते. पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचा सराव सरळ रेषेत, स्वतंत्रपणे करावा. ड्रममध्ये पाणी शिरले तर पहिले दाबणे फुकट जाते आणि नंतर ब्रेक अचानक धरतो; पाण्यातून बाहेर आल्यावर काही अंतर तो हलका दाबत न्यावा. चार गिअरच्या या गाड्यांत गिअर उतरवायला टाच मारावी लागते, म्हणजे पाय फूटरेस्टवरून हलतो. म्हणून तेही वळणाआधीच उरकावे.

मैदानानंतर रस्ता, आणि रस्त्याचे स्वभाव ऋतूप्रमाणे बदलतात. खरिपात पांदणीतून डांबरी रस्त्यावर चढणारा ट्रॅक्टर चाकांतली काळी माती वळणावर सोडून जातो. पावसाचे चार थेंब पडले की त्या पट्ट्यावर पकड उरत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन रस्त्यावर वाळायला घातलेले असते. दाणे टायरखाली छर्ऱ्यांसारखे गडगडतात, आणि शेंगांचा कोंडा त्यांना झाकून ठेवतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे रस्त्याच्या कडा लाटांसारख्या खालीवर होतात. वळणात आतल्या कडेला चिकटून जाणारा नेमका या लाटांवर आणि गिट्टीवर जातो. सुरुवातीला अमरावतीहून चांदूर रेल्वेकडे जाणारा पोहऱ्याच्या जंगलातला रस्ता घ्यावा. वळणे सौम्य आहेत. मात्र हे वनक्षेत्र आहे, वेग जनावरांच्या हिशेबाने ठेवायचा. अकोलेकरांना पातूरचा घाट जवळ पडतो, पण तिथली अवजड वाहतूक पाहता मी तो नवशिक्याला सुचवणार नाही.

चिखलदरा शेवटी, तोही कोरड्या दिवशी आणि एकट्याने. मागे माणूस बसला की पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि गाडी वळणात बाहेर ओढू लागते; ते ओझे नंतर घ्यावे. डोंगरी रस्त्यांच्या भारतीय मानकांत हेअरपिन वळणाची आतली किमान त्रिज्या १४ मीटर आणि वेग ताशी २० किलोमीटर धरला आहे. तेवढ्या त्रिज्येत ताशी २० ला १३ अंश, ३० ला २७ आणि ४० ला तब्बल ४२ अंश कल लागतो. म्हणजे वेग दुप्पट, कोन तिपटीहून जास्त. मैदानावरच्या वर्तुळात ज्याने सेकंद मोजले, त्याला हे आकडे परके वाटणार नाहीत. उतरताना काम वाढते. भार पुढच्या चाकावर येतो, ड्रम तापून ढिला पडतो, म्हणून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या जोरावर रोखावी आणि ब्रेक सलग न दाबता वळणाआधी दाबून सोडावा. खालून एसटी चढत असेल तर तिला हेअरपिनचा सगळा रस्ता लागतो. हॉर्न ऐकू आला की वळणाच्या वरच, सरळ भागात, डाव्या कडेला पायाचा ब्रेक धरून थांबावे, तिचे मागचे चाक वळणातून पूर्ण बाहेर पडू द्यावे, आणि मगच क्लच सोडावा.